बोरघाटातील अडलेली मजुरी

मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी कर्जत सोडून घाट चढू लागली, की मुले बोगदे मोजू लागतात आणि वडीलधारी माणसे नकळत क्रूसाची खूण करतात. आम्हीही त्या अंधारातून अनेकदा गेलो आहोत. परंतु हे बोगदे खोदणाऱ्यांना त्यांची मजुरी मिळाली काय, हा प्रश्न आम्हांस फार उशिरा पडला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने बोरघाटाचे काम १८५६ साली हाती घेतले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला. सुमारे १६ मैलांत रूळ १,८३१ फूट चढतात. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ च्या सुमारास येथे ४२,००० माणसे राबत होती. पुरुष सुरुंगासाठी कातळाला भोके पाडीत. स्त्रिया व मुले माती-दगड वाहून नेत. काही ठिकाणी कड्यावरून दोर सोडून माणसांना खाली उतरवावे लागे. पटकीच्या साथीने वस्त्याच्या वस्त्या ओस पाडल्या. मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासाने जपले. मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

हे मजूर कंपनीचे नोकर नव्हते. कंपनीने काम विल्यम फेव्हिएल या कंत्राटदारास दिले होते. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम आणि मुकादमाखाली टोळी, अशी ती उतरंड होती. वरून निघालेला पैसा प्रत्येक पायरीवर थांबे. तळाशी पोहोचेपर्यंत तो उशिरा येई, कमी येई, किंवा येतच नसे. गाऱ्हाणे सांगावे तरी कोणाला? गोरा साहेब मुकादमाकडे बोट दाखवी आणि मुकादम साहेबाकडे.

जानेवारी १८५९ मध्ये हा कोंडलेला संताप फुटला. मजुरांनी कंत्राटदाराच्या युरोपीय माणसांवर हल्ला केला. त्यांतील एक जण प्राणास मुकला. या हत्येचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र सरकारी चौकशीत दंग्यामागचे मजुरीचे गाऱ्हाणे पुढे आले, हेही विसरता कामा नये. त्याच वर्षी फेव्हिएलच्या हातून काम गेले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतले आणि अभियंत्यांकरवी काम तडीस नेले.

१८६० साली सरकारने मालक-मजूर तंट्यांविषयी कायदा केला. मजुरीचा तंटा दंडाधिकाऱ्यापुढे तातडीने सुटावा, ही त्यातील चांगली बाजू. परंतु करार मोडून काम सोडणाऱ्या मजुरास त्याच कायद्याने गुन्हेगार ठरविले. मजुरी अडविणे हा हिशेबाचा तंटा आणि काम सोडणे हा अपराध! ही तफावत पुष्कळ काही सांगून जाते.

पुढे १८९१ साली परमगुरू लिओ तेरावे यांनी आपल्या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा प्रश्न जगापुढे मांडला. ख्रिस्तसभेला ही शिकवण नवी नव्हती. अडविलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो, हे संत याकोबांच्या पत्राने आपल्याला फार पूर्वी बजावले आहे.

हे लिहिताना आमचे मन आम्हांलाच टोचते. एका धर्मग्रामात सभागृह बांधताना आम्ही कंत्राटदाराचा प्रत्येक हप्ता वेळेवर दिला आणि आपले कर्तव्य संपले असे समजलो. एके संध्याकाळी एक मजूर बाई मूल कडेवर घेऊन धर्मगुरुनिवासाच्या दारात उभी राहिली. तिला तीन आठवडे मजुरी मिळाली नव्हती. आम्ही तिला उत्तर दिले, “बाई, मुकादमाला विचारा.” बोरघाटातील साहेबाचेच ते उत्तर होते. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना ते आमच्या ध्यानी आले. तिला परत बोलावले, दुसऱ्या दिवशी कंत्राटदारास समोर बसविले आणि हिशेब पुरा करवून घेतला.

१ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफांचा सण साजरा करतो. ज्यांच्या घराचे वा दुकानाचे बांधकाम चालू असेल, त्यांनी त्या दिवशी मिस्साहून परतताना बांधकामावर जावे आणि शेवटच्या मजुराला एवढेच विचारावे : “तुमची मजुरी पोहोचली का?”