यंत्राचा पहिला शब्द

कोऱ्या संगणकात कार्यप्रणाली भरायची, तर आधी इन्स्टॉलर नावाचा छोटा प्रोग्राम जागा करावा लागतो. यंत्र माणसाशी पहिल्यांदा बोलतं ते त्याच्याच तोंडून.

डेबियन या मोफत प्रणालीचा इन्स्टॉलर फेब्रुवारी २००९मध्ये, ‘लेनी’ आवृत्तीत मराठी शिकला. त्याच्या ६३ भाषांत आपलीही बसली. पण मराठी दिसे ती चित्ररूप पडद्यावरच. साध्या पडद्यावर अक्षरं एकेका चौकटीत, क्रमानं बसतात. आमच्या भिगवणचंच नाव घ्या. लिहिताना आधी भ, मग वेलांटी; दिसताना वेलांटी पुढं. चौकटींना हे जमत नाही.

त्याच काळात लिंक्सिस कंपनीचा एनएसएलयू-२ हा तळहाताएवढा संगणक होता. मेमरी फक्त ३२ एमबी, पडदा नाहीच. डेबियन चढवायचं ते दुसऱ्या संगणकावरून, नेटवर्कच्या तारेतून. मेमरी इतकी कमी असली की इन्स्टॉलर भाषांतरं बाजूला ठेवून इंग्रजीतच चाले. म्हणजे यंत्र जितकं लहान आणि स्वस्त, तितकी मराठी त्याच्यापासून दूर!

२०१२पासून रास्पबेरी पायसारखे छोटे संगणक आले. त्यांना पडदा जोडता येतो, मेमरीही पुष्कळ असते. जागेची सबब आता उरलेली नाही. स्वस्त यंत्र घेणाऱ्यालाही त्याचा पहिला शब्द आपल्या लिपीत वाचता आला पाहिजे.