ग्रॅव्हिटीची कुळकथा

इन्व्हर्टरच्या बॅटरीत किती चार्ज उरला आहे, हे खात्रीने सांगणारे सर्वांत जुने साधन म्हणजे हायड्रोमीटर. पण ते बॅटरीसाठी जन्मलेच नाही. इ. स. 400 च्या सुमारास सिनेसियसने अलेक्झांड्रियाच्या हायपेशियाला पत्र लिहून असेच एक साधन मागितले होते: अंगावर खुणा, तळाशी वजन आणि पाण्यात उभी तरंगणारी नळी. 1768 मध्ये आंत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने तिला ठरावीक मोजपट्टी दिली. मिठाच्या 15 टक्के द्रावणात नळी जिथवर बुडेल ते 15 अंश, असा त्याचा हिशेब.

शिशाची बॅटरी त्यानंतर जवळजवळ शतकाने आली. 1859 मध्ये गास्टन प्लांते यांनी शिशाचे पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले. 1881 मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला, तेव्हा ती धंद्याच्या कामाची झाली. आत नेमके काय घडते ते ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी 1882 मध्ये मांडले: बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसते, त्यात ॲसिड खर्ची पडते आणि पाणी तयार होते. द्राव हलका होत जातो. तेवढे कळल्यावर हायड्रोमीटर कामाला लावणे ओघानेच आले.

परभणीसारख्या गावांत इन्व्हर्टर पसरले ते भारनियमनाच्या वर्षांत. रोज काही तास वीज जाणार म्हणजे बॅटरी रोज खोलवर उतरणार, म्हणून गाडीच्या पातळ प्लेटांच्या बॅटरीऐवजी ट्युब्युलर बॅटरी आली. बॅटरीवाला बूच काढतो, रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत ॲसिड ओढतो आणि आतला तरंगता काटा डोळ्यांसमोर धरून ‘ग्रॅव्हिटी’, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रावाची घनता, वाचतो. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत ती साधारण 1.240 येते. 1.120 च्या आसपास आली, तर बॅटरी रिकामी. नुकतेच पाणी घातले असेल तर ते वरच राहते आणि आकडा फसवतो. चार्जिंग होऊन द्राव नीट मिसळल्यावरच मोजावे.

परभणीत उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. भारतात प्रमाण तापमान 27 अंश मानतात. ॲसिड त्याहून एक अंश तापले की आकड्यात 0.0007 मिळवायचे, थंड असले की वजा करायचे. मे महिन्यात ॲसिड 42 अंशांवर असताना 1.230 दिसली, तर खरी ग्रॅव्हिटी 1.240 च आहे. डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांवर तोच सेल 1.250 दाखवील. हा हिशेब न करता उन्हाळ्यात ॲसिड ओतणारे प्लेटांचे आयुष्य घटवतात. खरे तर ॲसिड उडत नाही, पाणी उडते. घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच.

मात्र ग्रॅव्हिटी चार्ज सांगते, प्रकृती नाही. पाच सेल 1.240 वर आणि सहावा 1.180 वर असेल, तर तो सेल बसला असे समजावे. सगळे सेल सारखे दाखवूनही बॅटरी तग धरत नसेल, तर भार देऊनच पाहावे लागते. 20 तासांच्या दराने 150 अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी 7.5 अँपिअरच्या भारावर 20 तास चालून 10.5 व्होल्टवर यायला हवी. 16 तासांच्या आत तिथे पोचली, तर ती 80 टक्क्यांच्या खाली गेली. सर्वसाधारणपणे तिचे आयुष्य तिथे संपले असे धरतात. मल्टिमीटर स्वस्त आणि सोपा खरा, पण चार्जर आणि भार दोन्ही काढून काही तास थांबल्याशिवाय त्याचा आकडा धरू नये. तेव्हा साधारण 12.5 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

बूच नसलेल्या सीलबंद बॅटऱ्या आल्या आणि हायड्रोमीटरला वाट उरली नाही. त्यांच्यासाठी अमेरिकेत कीथ चॅम्प्लिन यांनी बॅटरीत बारीक प्रत्यावर्ती प्रवाह सोडून तिची वाहकता मोजण्याची पद्धत काढली. तिचे पेटंट 1975 चे. प्लेटा झिजल्या, सल्फेट साचले की वाहकता घटते, आणि मीटर काही सेकंदांत प्रकृतीचा अंदाज देतो. तो अंदाजच, नेमकी क्षमता हवी असेल तर अजूनही बॅटरी भार देऊन उतरवावी लागते.