राज्यसंस्थेविना संरक्षण

राज्यसंस्था कितीही लहान असावी असे म्हटले, तरी पोलीस, न्यायालये आणि सैन्य तिच्याकडेच राहावे, हे बहुतेक उदारमतवादी विचारवंतांनी मान्य केले. बेल्जियन अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव द मोलिनारी यांनी मात्र १८४९ मध्ये हेही नाकारले. सुरक्षा ही इतर सेवांसारखीच सेवा असून तीही स्पर्धेतून मिळावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे अमेरिकेत मरे रॉथबार्ड आणि डेव्हिड फ्रीडमन (नोबेलविजेते मिल्टन फ्रीडमन यांचे पुत्र) यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपापल्या ग्रंथांत हा विचार विस्ताराने मांडला.

चोरापासूनचे रक्षण विकत घेता येते, परचक्राचे काय? शहर वाचले की वर्गणी न देणाराही वाचतो. मग प्रत्येक जण शेजाऱ्याच्या वर्गणीची वाट पाहतो. हा प्रश्न अवघड असल्याचे फ्रीडमन यांनीही मान्य केले आहे.

या वादात मध्ययुगीन आइसलँडचा दाखला हमखास दिला जातो. तेथे इ. स. ९३० मध्ये आल्थिंग ही सभा स्थापन झाली. कायदे होते, न्यायसभा होत्या. राजा, सैन्य वा पोलीस नव्हते. निकालाची अंमलबजावणी फिर्यादीनेच करायची. शेतकरी आपला सरदार स्वतः निवडी आणि बदलूही शकत असे. सरदारकीची खरेदी-विक्री होई. ही व्यवस्था तीन शतकांहून अधिक काळ टिकली, ही गोष्ट सहज उडवून लावण्याजोगी नाही. परकी आक्रमणाची कसोटी मात्र तिला फारशी द्यावी लागली नाही. सैन्याचे काम बव्हंशी अटलांटिक महासागरानेच केले.

घात झाला तो आतून. तेराव्या शतकापर्यंत बहुतेक सरदारक्या मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटल्या. सरदार बदलण्याचे स्वातंत्र्य नाममात्र उरले आणि १२२० नंतरची चार दशके यादवीत गेली. संरक्षक संस्थांच्या स्पर्धेतून अखेर एकच प्रबळ संस्था उरेल आणि तीच राज्य बनेल, असे रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ मध्ये तर्काने मांडले होते. आइसलँडमध्ये तशी एक संस्थाही घडली नाही. भांडणारे सरदार नॉर्वेच्या राजाच्या पाठिंब्यासाठी त्याचे मांडलिक बनत गेले. १२६२ ते १२६४ या काळात आइसलँडवासीयांनी राजा हाकोनला कर देण्याचे मान्य केले आणि बदल्यात शांततेची हमी घेतली. त्यासाठी नॉर्वेला बेटावर स्वारी करावी लागली नाही.