सादिर : तंजावरच्या दरबारातला शब्द

भरतनाट्यमच्या इतिहासात ‘सादिर’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. देवदासी मंदिरात आणि दरबारात जे नृत्य करत, त्याचं हे जुनं नाव. शब्द मूळ अरबी, अर्थ ‘निघालेलं, जारी झालेलं’. फारसीमार्गे तो मराठीत ‘सादर’ झाला आणि तंजावरच्या मराठी दरबारातून तमिळमध्ये गेला, असं काही अभ्यासक मानतात.

पटण्यासारखंच आहे. तंजावरचा दरबारच मराठी होता : तिथल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणं रचवली. त्याच दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या भावांनी नृत्याचा अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा क्रम बसवला.

१९३०च्या दशकात ‘भरतनाट्यम’ हे नाव रुजलं आणि सादिरसोबत देवदासींचं श्रेयही मागे पडलं. हा अन्यायच.

मराठीत मात्र नृत्य आजही ‘सादर’च होतं.