सेनेका व्हिलेज: सेंट्रल पार्कखाली गाडलेली कृष्णवर्णीयांची वस्ती

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेथून जवळच प्रसिद्ध सेंट्रल पार्क आहे. या उद्यानाच्या पश्चिम बाजूला, ८२ ते ८९ क्रमांकाच्या रस्त्यांच्या दरम्यान, एकेकाळी कृष्णवर्णीयांची स्वतःच्या मालकीची वस्ती होती. तिचे नाव सेनेका व्हिलेज.

जमीन आणि मत

१८२५ साली व्हाइटहेड दांपत्याने आपल्या शेतजमिनीचे भूखंड पाडून विकायला काढले. बूटपॉलिश करणाऱ्या २५ वर्षांच्या अँड्र्यू विल्यम्स यांनी १२५ डॉलरला ३ भूखंड घेतले. एपिफनी डेव्हिस यांनी ५७८ डॉलरला १२ घेतले. एका कृष्णवर्णीय चर्चनेही जमीन खरेदी केली. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७ मध्ये संपली. म्हणजे हे व्यवहार झाले तेव्हा ती कायदेशीर होती.

या जमिनीला राजकीय किंमतही होती. १८२१ च्या राज्यघटनेनुसार कृष्णवर्णीय पुरुषाला मतदानासाठी २५० डॉलरची स्थावर मालमत्ता दाखवावी लागे. गोऱ्या पुरुषांसाठी मात्र मालमत्तेची अट त्याच काळात काढून टाकण्यात आली. त्यामुळे येथील भूखंड म्हणजे नागरिकत्वाकडे जाणारी पायरी होती.

१८५५ पर्यंत वस्तीत सुमारे २२५ लोक राहत होते. त्यांतील दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय, बाकीचे मुख्यतः आयरिश. तीन चर्च होती, शाळा होती, दफनभूमी होती.

आधी बदनामी, मग बुलडोझर

बुलडोझर हा आपल्या काळातला शब्द, पण पद्धत जुनीच. १८५३ मध्ये उद्यानासाठी सक्तीने भूसंपादन करण्याचा कायदा झाला. वर्तमानपत्रांनी तेथील रहिवाशांना अतिक्रमण करणारे, झोपडपट्टीवाले ठरवले. प्रत्यक्षात अनेकांकडे खरेदीखते होती आणि ते कर भरत होते. मालकांना नुकसानभरपाई मिळाली, पण ती अपुरी असल्याच्या तक्रारी झाल्या. भाडेकरूंची तर मोजदादच नाही. १८५७ पर्यंत वस्ती रिकामी करण्यात आली. माणसे पांगली आणि तो समाज पुन्हा एकत्र उभा राहिला नाही.

कागद बोलू लागले

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे उद्यानाचा इतिहास त्याची रचना करणाऱ्यांच्या नावाने सांगितला गेला. १९९२ मध्ये रॉय रोझेन्झवाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार यांच्या सेंट्रल पार्कवरील ग्रंथाने या वस्तीकडे लक्ष वेधले. १९९७ मध्ये तिच्यावर प्रदर्शन भरले. संशोधकांनी जमिनीचे व्यवहार, कराच्या नोंदी, चर्चची दप्तरे आणि जनगणना एकमेकांशी ताडून पाहिली. २०११ च्या उत्खननात चर्चचे सेवक विल्यम विल्सन यांच्या घराचा दगडी पाया, स्वयंपाकाची भांडी आणि लहान मुलाचा बूट सापडला. झोपड्यांची वस्ती म्हणून हिणवलेल्या जागी स्थिरस्थावर संसार होते, हे मातीनेच सिद्ध केले.

आपल्यासाठी

विल्यम्स यांचे खरेदीखत नोंदले गेले नसते, तर आज बदनामी करणाऱ्यांचीच साक्ष उरली असती. आपल्या वस्त्याही रस्त्यासाठी, धरणासाठी, पुनर्विकासासाठी उठतात आणि पहिला शब्द "अतिक्रमण" हाच असतो. म्हणून सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, विहाराची देणगी पुस्तके, शाळेचे दाखले, जयंती मंडळाचे फोटो आजच जपून ठेवूया. ज्येष्ठांकडून वस्ती कशी बसली ते विचारून लिहून काढूया. आपला इतिहास आपणच नोंदवला पाहिजे.

जय भीम!