'शुक्रवारी पाणी नाही' हे एफएम सांगतं, मग 'का नाही' हे का विचारत नाही?

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये रेडिओ लावला की मुंबईचीच एफएम केंद्रं लागतात. गाणी, आरजेच्या गप्पा, मध्य रेल्वेचा खोळंबा, पावसाचा अंदाज. प्रशासनाने कळवलं असेल तर 'शुक्रवारी पाणी बंद' हेही ऐकू येतं. पण पाणी का बंद, नव्या इमारतींना परवानग्या देताना पाण्याचा हिशेब कोणी केला होता का, असे प्रश्न एखाद्या नगरसेवकाला स्टुडिओत बसवून विचारलेले आणि मधे मधे कात्रप, शिरगाव, बेलवलीहून लोकांचे फोन घेतलेले तुम्ही कधी ऐकले आहेत?

ऐकले नसतील, तर दोष आरजेचा नाही. भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरचे कार्यक्रम करता येत नाहीत. वर्तमानपत्र काढायला, न्यूज चॅनल चालवायला, यूट्यूबवर बोलायला जी मुभा आहे, ती रेडिओला नाही.

मग ट्रॅफिक आणि पाणीकपात कशी सांगतात?

२०११ च्या एफएम धोरणात (याला 'तिसरा टप्पा' म्हणतात) काही गोष्टी 'बातमी' या व्याख्येतून बाहेर काढल्या आहेत. खेळांची माहिती, वाहतूक आणि हवामान, सण आणि सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी. याच यादीत वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याच्या सूचनाही आहेत, मात्र त्या स्थानिक प्रशासनाने दिलेल्या असाव्या लागतात.

सगळी गोम या शेवटच्या अटीत आहे. प्रशासन जे सांगेल ते पोचवता येतं, प्रशासनाला उलट प्रश्न विचारला की तो 'चालू घडामोडी' या खात्यात जातो. रेडिओ हा पालिकेचा दवंडीवाला होऊ शकतो, पत्रकार होऊ शकत नाही.

याच धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा, एक शब्द न बदलता लावायची परवानगीही दिली. ती प्रत्यक्षात यायला जानेवारी २०१९ उजाडलं, आणि सुरुवात झाली हिंदी आणि इंग्रजी बातमीपत्रांनी. त्यात बदलापूर यायचं म्हणजे काहीतरी भयंकर घडायला हवं.

ही बंदी आली कुठून?

मुंबईत रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, खासगी कंपनीचं. ती कंपनी बुडाली, कारभार सरकारकडे गेला आणि पुढची कित्येक दशकं रेडिओ म्हणजे सरकारच, हे समीकरण पक्कं झालं. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. त्यानंतर खासगी एफएमचं दार उघडलं. २००१ मध्ये बंगळुरूला पहिलं केंद्र, २००२ मध्ये मुंबई. दार उघडलं ते मनोरंजनापुरतं.

शिवाय खासगी केंद्रांना आकाशवाणीची आचारसंहिता पाळावी लागते. त्यात एखाद्या पक्षावर नाव घेऊन हल्ला आणि केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावाने केलेली टीका या दोन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. 'वैरभावाने' म्हणजे नेमकं किती, हे ठरवायची वेळ येऊ नये म्हणून परवाना सांभाळणारा मालक विषयच टाळतो. अशी सेन्सॉरशिप कुणाला करावी लागत नाही, ती आपोआप होते.

पण मलिष्का तर बोलली होती की!

बरोबर. जुलै २०१७ मध्ये रेड एफएमच्या आरजे मलिष्काने तेव्हा गाजत असलेल्या 'सोनू' गाण्याच्या चालीवर मुंबई महापालिकेची खिल्ली उडवणारं गाणं केलं. खड्डे, तुंबलेलं पाणी, उशिरा येणारी लोकल. व्हिडिओ सगळीकडे फिरला. शिवसेनेच्या नगरसेवकांनी ५०० कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावा अशी मागणी केली. महापालिकेचं पथक तिच्या घरी गेलं, तिथे डेंग्यूच्या डासाच्या अळ्या सापडल्याचं सांगून नोटीस निघाली. पुढच्या वर्षी तिने खड्ड्यांवर आणखी एक गाणं केलं.

या प्रकरणात 'आरजेचं धाडस' एवढंच बघितलं तर मुद्दा निसटतो. तिने गाणं का केलं? गाणं हे मनोरंजन आहे, आणि मनोरंजनाला परवानगी आहे. हाच मजकूर अर्ध्या तासाच्या चर्चेत, पालिकेचा अधिकारी समोर बसवून, रस्त्यांच्या कंत्राटांचे आकडे घेऊन मांडला असता तर तो नियमात बसला नसता. थोडक्यात, चिमटा चालतो, चौकशी चालत नाही. चिमट्याने हसू येतं. पण कंत्राट कोणाला गेलं हे त्यातून कळत नाही.

आणि ही सोयही मुंबईपुरतीच. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेवर विडंबन करून जाहिरातदाराला काय मिळणार?

बदलापूरचं यात काय अडलंय?

नगरपरिषदेची निवडणूक २०१५ मध्ये झाली. मुदत २०२० मध्ये संपली. पुढची निवडणूक थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासक होते, म्हणजे लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. याच काळात शहर वाढत राहिलं. सभागृहच नसेल तर प्रश्न विचारायचे कुठे? ज्या माध्यमाला वाचता येण्याची अट नाही, जे स्वयंपाक करताना, रिक्षात, दुकानाच्या गल्ल्यावर चालू असतं, तेच या चर्चेतून बाद होतं.

त्यात इथली गुंतागुंत अशी की पाणी नगरपरिषद देत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. वीज महावितरणची, लोकल मध्य रेल्वेची. नळाला पाणी आलं नाही म्हणून माणूस नगरसेवकाच्या दारात जातो आणि नगरसेवक हात वर करतो. कोणाचं काम कोणाकडे, एवढं समजावणारा रोजचा अर्धा तास जरी असता, तरी निम्मे हेलपाटे वाचले असते.

२० ऑगस्ट २०२४ हा दिवस बदलापूरकर विसरणार नाहीत. शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणानंतर लोक रुळांवर उतरले, जवळपास दहा तास रेल्वे बंद होती. त्यानंतर शहरात इंटरनेटही बंद करण्यात आलं. इंटरनेट नसताना अफवा थांबवू शकेल असं रेडिओइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. पण नियमानुसार खासगी एफएमला 'बदलापूरजवळ लोकल बंद' हे स्वतः सांगता येतं, कारण ती वाहतूक. लोक रुळांवर का बसले आहेत, हे स्वतःच्या वार्ताहराकडून सांगणं म्हणजे बातमी.

आकाशवाणी आहे ना?

आहे, आणि तिच्या प्रादेशिक बातम्यांवर आजही विश्वास ठेवणारे खूप आहेत. पण दहा मिनिटांच्या बातमीपत्रात गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळं बसवायचं असतं. कात्रपच्या रस्त्याचा नंबर कधी लागणार?

जुन्या श्रोत्यांना इथे 'पुन्हा प्रपंच' आठवेल. मुंबई केंद्रावर पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घरातल्या गप्पांतून रोजच्या जगण्यावर बोलत. आवाज बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे. मराठीत 'टॉक रेडिओ'च्या सगळ्यात जवळ जाणारा प्रकार कदाचित हाच. तोही संहिता लिहिलेला, श्रोत्याचा फोन न घेणारा.

कम्युनिटी रेडिओ हा दुसरा पर्याय वाटतो. म्हसवडची 'माणदेशी तरंग' २००८ पासून चालू आहे, शेती, आरोग्य, बचत यांवर लोक आपल्या बोलीत बोलतात. शिक्षणसंस्था आणि स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकतात, १०० वॅटच्या ट्रान्समीटरवर एखादं शहर सहज व्यापतं. बदलापूरला अगदी मापाचं. फक्त २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम नकोत, असं लिहून ठेवलं आहे.

सरकारचं म्हणणं काय?

'कॉमन कॉज' या संस्थेने २०१३ मध्ये या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केंद्राची बाजू अशी की शेकडो केंद्रांवर काय बोललं जातं यावर लक्ष ठेवायची यंत्रणा नाही, त्यामुळे सुरक्षेला धोका आहे. भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत दोन्ही बाजू मांडण्याचा नियम १९८७ मध्ये रद्द झाला आणि नंतरच्या टॉक रेडिओने दिवसभर एकाच बाजूचा संताप विकला. पण शेजारच्या नेपाळमध्ये 'रेडिओ सगरमाथा' १९९७ पासून आहे आणि तिथली स्थानिक केंद्रं बातम्या देतात. आपल्याकडे न्यूज चॅनलच्या आरडाओरड्याला परवानगी असताना धोका नेमका रेडिओचाच, हे पटायला जड जातं.

ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडींसाठी द्यावीत अशी शिफारस केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांचा लिलाव मंजूर केला. वाहिन्या वाढवायचं ठरलं, दहा मिनिटं मात्र शिफारशीतच राहिली.

तोवर स्थानिक राजकारणाची चर्चा फेसबुक लाइव्ह, यूट्यूब आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालते. पॉडकास्टला रेडिओसारखा परवाना लागत नाही. डिजिटल बातम्या देणाऱ्यांना २०२१ चे आयटी नियम लागू होतात, एवढंच. कात्रपमधल्या कुणीही उद्या मोबाइलवर नगरसेवकाची मुलाखत रेकॉर्ड करून टाकू शकतो.

एक अपवाद राहिला. निवडणुकीत पक्षांना एफएमवर पैसे देऊन, आधी मंजुरी घेऊन, प्रचाराची जाहिरात करता येते. म्हणजे उमेदवार त्याच एफएमवर जिंगल लावून चोवीस तास पाण्याचं आश्वासन देऊ शकतो. जाहिरात संपल्यावर आरजेने त्यावर प्रश्न विचारायचा नाही, पुढचं गाणं लावायचं.