बी. पी. कोइराला : फोर्ब्सगंज ते काठमांडू

१० जून १९७३ रोजी विराटनगरहून काठमांडूला निघालेले एक छोटे विमान पळवून बिहारमध्ये फोर्ब्सगंजच्या मैदानात उतरवण्यात आले. विमानात नेपाळच्या सरकारी खजिन्याचे ३० लाख भारतीय रुपये होते. प्रवाशांत अभिनेत्री माला सिन्हा होत्या. आपल्याकडे ही घटना कोणाला आठवतच असेल, तर त्यांच्यामुळे. पैशांची वाट पाहत फोर्ब्सगंजला थांबलेले गिरिजाप्रसाद कोइराला हे विश्वेश्वरप्रसाद ऊर्फ बी. पी. कोइरालांचे धाकटे भाऊ. त्या पैशांतून बी. पीं.च्या लढ्यासाठी शस्त्रे घ्यायची होती. आणि बी. पी. तर नेपाळचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान!

१९५९च्या निवडणुकीत त्यांच्या नेपाळी काँग्रेसने १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या होत्या. सरकारने राणांच्या काळापासून चालत आलेल्या ‘बिर्ता’ जमिनी, म्हणजे मर्जीतल्या घराण्यांना मिळालेली करमुक्त इनामे, रद्द केली. जमीनदार बिथरले. भारताशी केलेल्या गंडक करारावरून ‘देश विकला’ अशी ओरड झाली. हा आरोप त्यांना जन्मभर चिकटला. १५ डिसेंबर १९६० रोजी राजे महेंद्र यांनी सरकार बरखास्त केले आणि एका युवक मेळाव्यातून पंतप्रधानांना सैनिकांनी पकडून नेले. मग खटल्याविना आठ वर्षे सुंदरीजलच्या लष्करी छावणीत कैद. तिथे त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. नेपाळी साहित्यात त्यांचे स्थान राजकारणावर अवलंबून नाही, हे इथेच नोंदवतो.

सुटकेनंतर ते बनारसला, आपल्या जन्मगावी, परागंदा होऊन राहिले आणि सशस्त्र लढ्याकडे वळले. तो साफ फसला. पूर्व नेपाळात शिरलेली तुकडी १९७४ साली टिंबुरबोटे येथे सैन्याने संपवली. पुढच्याच वर्षी सिक्कीम भारतात विलीन झाले. भारतात आणीबाणी आली आणि जयप्रकाशांसह बी. पीं.चे समाजवादी मित्र तुरुंगात गेले.

३० डिसेंबर १९७६ रोजी ते गणेशमान सिंहांसह स्वतःहून काठमांडूच्या विमानतळावर उतरले. देहदंडाची शिक्षा होऊ शकेल असे आरोप डोक्यावर होते. देशाचे अस्तित्वच धोक्यात आहे, राजा आणि लोकशाहीवादी यांनी एकत्र यावे, अशी त्यांची ‘राष्ट्रीय मेलमिलापा’ची भूमिका. उतरताच अटक झाली. चरित्रकार याला दूरदृष्टी म्हणतात, विरोधक शरणागती. मला वाटते, परागंदा पुढाऱ्याच्या हाती तेव्हा स्वतःच्या जिवाखेरीज पणाला लावण्यासारखे काही उरलेच नव्हते.

पण त्यांचा जीव वाचला. कर्करोगावरील उपचारांसाठी सरकारने त्यांना अमेरिकेला जाऊ दिले. टिंबुरबोटेचे कॅप्टन यज्ञबहादुर थापा आणि त्यांच्यासारखेच सशस्त्र लढ्यात उतरलेले भीमनारायण श्रेष्ठ यांना मात्र १९७९ साली देहदंड झाला. मेलमिलापाच्या धोरणावरचा सर्वांत अवघड प्रश्न तो हाच, आणि स्तुतिपर लेखनात तो एका ओळीत उरकला जातो.

त्याच वर्षी विद्यार्थी आंदोलनानंतर राजे बीरेंद्र यांनी सार्वमत जाहीर केले. मे १९८० मध्ये पंचायत व्यवस्थेला सुमारे ५५ टक्के मते पडली. गैरप्रकारांच्या तक्रारी होत्या, तरी बी. पीं.नी निकाल मान्य केला. स्वपक्षातल्या अनेकांना ते रुचले नाही. २१ जुलै १९८२ रोजी ते वारले, तेव्हा पक्षावर बंदी होतीच.

ती १९९० साली उठली. पुढच्या वर्षी निवडणूक झाली आणि फोर्ब्सगंजला पैशांची वाट पाहणारे गिरिजाप्रसाद पंतप्रधान झाले.